कोरे पत्र आणि नवे सत्र

जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे. गाव मुक्ताईनगर तालुक्यातले. या मुक्ताईनगरला पूर्वी एदलाबाद म्हणत. आजचे नाव संत मुक्ताबाईंवरून आले. चांगदेव आणि मुक्ताबाई या दोन नावांना जोडणारी कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. योगी चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते, पण मायना काय लिहावा हेच ठरेना. 'चिरंजीव' लिहावे तर ज्ञानेश्वर ज्ञानाने थोर; 'तीर्थरूप' लिहावे तर वयाने लहान. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाईंनी थट्टा केली आणि ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्यांचे उत्तर पाठवले. तीच 'चांगदेव पासष्टी'.

या कथेचा आध्यात्मिक अर्थ जाणकारांनी पुष्कळ उलगडला आहे. आपण तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. कोरे पत्र मिळाले याचा अर्थ एवढाच, की समोर कोणीतरी आहे आणि त्याला बोलायचे आहे. काय बोलायचे आहे ते पत्रात नाही. तरीही उत्तर देता आले, कारण उत्तर देणाऱ्यापाशी आधीपासून काहीतरी होते. संगणकांच्या जाळ्यात ही परिस्थिती क्षणोक्षणी येते. एक संगणक दुसऱ्याशी जोडला जातो त्या क्षणी पत्र कोरेच असते. मग उत्तर देणाऱ्या संगणकापाशी सुरुवातीला जी माहिती असायला हवी, ती त्याला कोण देतो, कधी देतो आणि कशी देतो? प्रश्न साधा वाटतो, पण याच ठिकाणी नवशिके आणि मुरलेले असे दोन्ही प्रोग्रॅमर अडखळतात. आणि अडखळले, की एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडते.

तीन पत्रांचा रिवाज

इंटरनेटवरच्या फार मोठ्या देवाणघेवाणीच्या तळाशी 'टीसीपी' नावाचा नियमसंच आहे. व्हिंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली त्याची मूळ कल्पना मांडली. सप्टेंबर १९८१ मध्ये त्याचा प्रमाण मसुदा प्रसिद्ध झाला. २०२२ साली त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, पण जोडणी सुरू करण्याची रीत तीच राहिली.

ही रीत तीन पत्रांची आहे. पहिला संगणक कळवतो, "मला बोलायचे आहे, माझा क्रमांक अमुक." दुसरा उत्तर देतो, "तुमचा क्रमांक पोचला, माझा क्रमांक तमुक." पहिला पुन्हा कळवतो, "तुमचाही पोचला." एवढे झाले की जोडणी झाली. या तीन पत्रांत सहसा मजकूर नसतो, असतात ते फक्त क्रमांक. शाळेच्या भाषेत सांगायचे तर कागद कोरा, पण जावक क्रमांक मात्र घातलेला!

हे क्रमांक दरवेळी एकपासून का सुरू करत नाहीत? कारण जाळ्यात एखादे जुने पत्र वाटेत रेंगाळलेले असू शकते. कालच्या बोलण्यातले उशिरा आलेले पत्र आजच्या बोलण्यातले समजले गेले, तर घोटाळा होईल. म्हणून प्रत्येक नवी जोडणी निराळ्या क्रमांकापासून सुरू होते. हे क्रमांक कसे निवडावेत याचा विचार रे टॉमलिन्सन यांनी १९७५ साली मांडला. ई-मेलच्या पत्त्यात '@' हे चिन्ह आणणारे तेच हे टॉमलिन्सन. म्हणजे 'नव्या बोलण्यात जुन्याचे काही शिरू नये' ही काळजी अगदी तळापासून घेतलेली आहे. वरच्या मजल्यावर आपण ती घेतो का, हा पुढचा प्रश्न.

एक कान, अनेक तोंडे

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मुक्ताईनगर तालुक्यातल्या सर्व शाळा दररोज दुपारी पोषण आहार घेतलेल्या मुलांची संख्या एका मध्यवर्ती संगणकाला कळवतात. त्या संगणकावरची आज्ञावली आपल्याला लिहायची आहे. कोथळी, अंतुर्ली, कुऱ्हा, चांगदेव या गावांतल्या शाळा एकाच सुमारास बोलू लागणार.

यासाठी जी मूलभूत सोय वापरतात, तिला 'सॉकेट' म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातून १९८३ साली निघालेल्या युनिक्स प्रणालीच्या आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पसरली. तिची रचना मोठी मार्मिक आहे. एक सॉकेट नुसते ऐकण्याचे काम करते. ते स्वतः कोणाशीच बोलत नाही. कोणी जोडले गेले की त्या जोडणीसाठी एक नवे सॉकेट तयार होते आणि बोलणे त्यावर चालते. पहिले सॉकेट पुन्हा ऐकायला मोकळे. चार शाळा जोडल्या गेल्या तर ऐकणारा कान एकच, बोलणारी तोंडे चार. अशा एका जोडणीवरचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे बोलणे म्हणजे एक 'सत्र'.

प्रत्येक सत्राला तीन प्रकारची माहिती लागते. हे तीन प्रकार नीट वेगळे ओळखणे हाच या विषयाचा गाभा आहे.

पहिला प्रकार सामाईक माहितीचा. तालुक्यातल्या शाळांची यादी आणि आजची नोंदवही ही सर्व सत्रांसाठी एकच असते. तिची प्रत काढून उपयोग नाही. कोथळीची नोंद एका वहीत आणि अंतुर्लीची दुसऱ्या वहीत गेली, तर बेरीज होणार कशी? मात्र या एका वहीत एका वेळी एकानेच लिहावे अशी व्यवस्था हवी.

दुसरा प्रकार ज्या त्या सत्राच्या खाजगी माहितीचा. इथे टीसीपीचा एक गुण लक्षात घ्यावा लागतो. टीसीपी अक्षरांचा क्रम बिघडू देत नाही, पण ती किती तुकड्यांत पोचतील याची हमी देत नाही. शाळेने '१४२' पाठवले तर ते आधी '१४' आणि मग '२' असेही हाती येऊ शकते. म्हणून प्रत्येक सत्राला आलेले तुकडे साठवायला स्वतःची पाटी लागते. 'ओळ संपली' अशी खूण येईपर्यंत थांबायचे, मग पूर्ण संख्या वाचायची. ही पाटी दरवेळी नवी आणि कोरी हवी.

तिसरा प्रकार समोरून येणाऱ्या माहितीचा. कोणती शाळा बोलते आहे, तिचा ११ अंकी युडायस क्रमांक काय, आज किती मुले जेवली, हे शाळेने सांगितल्यावरच कळणार. जोडणी झाली त्या क्षणी यातले काहीही आपल्यापाशी नसते. पत्र कोरे असते ते या अर्थाने. या जागा रिकाम्याच ठेवून वाट पाहायची असते.

लायब्ररीचा उलटा कारभार

सॉकेटची सगळी कामे दरवेळी मुळापासून लिहिणे कंटाळवाणे असते. म्हणून तयार आज्ञावल्यांचे संग्रह वापरतात, त्यांना 'लायब्ररी' म्हणतात. शाळेच्या लायब्ररीतून आपण पुस्तक मागतो आणि ते मिळते. जाळ्यासाठीच्या अनेक लायब्ररींचा कारभार मात्र उलटा असतो. तिथे आपण लायब्ररीला बोलावत नाही, लायब्ररीच आपल्याला बोलावते. आपण फक्त सत्राचा आराखडा लिहून द्यायचा : जोडणी झाली की हे करा, मजकूर आला की ते करा, जोडणी तुटली की असे आवरा. या आराखड्याला 'क्लास' म्हणतात. कोणी जोडले गेले की लायब्ररी त्या आराखड्यावरून एक नवे सत्र घडवते.

अडचण इथेच आहे. सत्र घडवणारे हात लायब्ररीचे आणि सुरुवातीची माहिती आपल्यापाशी. शाळांची यादी आणि नोंदवही त्या नव्या सत्राच्या हाती द्यायची कधी?

शिक्षकांना ही अडचण परीक्षा केंद्रावरून चटकन समजेल. दहावीच्या परीक्षेत केंद्रसंचालक प्रत्येक पर्यवेक्षकाला दालनात जाण्यापूर्वी बैठक व्यवस्थेचा कागद, मोजलेल्या कोऱ्या उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिकांचे पाकीट देतात. परीक्षेचे वेळापत्रक सर्वांना एकच. पण आपल्या दालनातल्या गैरहजर मुलांची नोंद ज्या त्या पर्यवेक्षकाची स्वतंत्र. आणि मुले काय लिहिणार ते कोणालाच आधी ठाऊक नसते. पहा, तिन्ही प्रकार इथे आहेत. आता कल्पना करा, की पर्यवेक्षकांना कोणीतरी परस्पर दालनात पाठवते आणि केंद्रसंचालकांची त्यांच्याशी गाठच पडत नाही. नवशिक्या प्रोग्रॅमरची स्थिती नेमकी अशी होते. मग तो पळवाटा शोधतो. त्यातल्या तीन नेहमीच्या आहेत.

तीन पळवाटा

पहिली पळवाट म्हणजे सर्व माहिती एका सार्वजनिक फळ्यावर लिहून ठेवणे. आज्ञावलीतला कुठलाही भाग तो फळा वाचू शकतो आणि पुसूही शकतो. शाळांच्या यादीपुरते हे एकवेळ चालेल. पण 'सध्या बोलत असलेली शाळा' हेही त्याच फळ्यावर लिहिले तर? कोथळीचे नाव लिहिले, तिची संख्या येण्याआधीच अंतुर्ली जोडली गेली आणि फळ्यावरचे नाव बदलले. आता कोथळीची १४२ मुले अंतुर्लीच्या खात्यावर जेवली! एकटी शाळा बोलत असताना हा दोष दिसतच नाही. चाचणीत सारे ठीक चालते आणि गर्दीच्या वेळी बिघडते. म्हणून तो फार त्रास देतो.

दुसरी पळवाट म्हणजे सत्र आधी घडू द्यायचे आणि माहिती मागाहून चिकटवायची. यातला धोका पायथॉन भाषेबरोबर येणाऱ्या 'सॉकेटसर्व्हर' या लायब्ररीत स्पष्ट दिसतो. तिथे सत्र घडण्याच्या क्रियेतच तयारी, बोलणे आणि आवराआवर ही तिन्ही कामे उरकतात. सत्र घडून पूर्ण होते तेव्हा बोलणे संपलेले असते. मागाहून दिलेली माहिती म्हणजे शेवटची घंटा झाल्यावर दालनात पोचवलेल्या उत्तरपत्रिका.

तिसरी पळवाट नकळत घेतली जाते. तुकडे साठवण्याची रिकामी यादी आराखड्यातच लिहून टाकली जाते. लिहिणाऱ्याला वाटते, की प्रत्येक सत्राला आपापली रिकामी यादी मिळेल. पण पायथॉनमध्ये आराखड्यात थेट लिहिलेली यादी एकदाच तयार होते आणि त्यावरून घडलेली सर्व सत्रे तीच वापरतात. पाटी प्रत्येकाला वाटली असे वाटते, प्रत्यक्षात सगळे एकाच पाटीवर लिहीत असतात. कोथळीचे '१४' आणि कुऱ्ह्याचे '९' शेजारी बसले की '१४९' ही कोणत्याच शाळेची नसलेली संख्या तयार होते.

वस्तू नको, घडवणारा द्या

यावरचा उपाय सुटसुटीत आहे. लायब्ररीला नुसता आराखडा देऊ नये, सत्र घडवून देणारा द्यावा. या घडवणाऱ्याला 'फॅक्टरी' म्हणतात. फॅक्टरी आपण स्वतः, सुरुवातीलाच, एकदाच तयार करतो. त्यामुळे तिच्या हाती शाळांची यादी आणि नोंदवही आपण निवांतपणे देऊ शकतो. मग ती फॅक्टरी लायब्ररीच्या स्वाधीन करायची. जोडणी आली की लायब्ररी फॅक्टरीला म्हणते, "एक सत्र दे." फॅक्टरी सत्र घडवते, सामाईक यादी आणि वही त्याच्या हाती देते, एक नवी कोरी पाटी देते आणि मगच ते सत्र लायब्ररीकडे सोपवते. परीक्षा केंद्रावरचे केंद्रसंचालक ते हेच.

पायथॉनमधल्या 'ट्विस्टेड' या लायब्ररीत ही विभागणी ठळकपणे केलेली आहे. तिथे फॅक्टरी दीर्घायुषी आणि सत्र अल्पायुषी. जोडणी तुटली की सत्र संपते, त्याच्या पाटीवरचे सारे जाते. टिकवायचे ते फॅक्टरीपाशी राहते. नेहमीच्या पद्धतीने घडलेल्या सत्राला आपली फॅक्टरी कोणती हेही ठाऊक असते, त्यामुळे सामाईक वही हवी असली की ते तिच्याकडे जाते. २०१४ साली पायथॉनमध्ये आलेल्या 'असिंकआयओ' या भागानेही हीच रीत ठेवली. तिथे सर्व्हर सुरू करताना तयार सत्र मागत नाहीत, सत्र घडवून देणारे काहीतरी मागतात. 'सॉकेटसर्व्हर'मध्येही वाट आहे. प्रत्येक सत्राला जन्मतःच त्याच्या सर्व्हरचा पत्ता मिळतो. म्हणून सामाईक माहिती आधीच सर्व्हरपाशी ठेवली, तर सत्राला ती पहिल्या क्षणापासून मिळते.

वाटा निरनिराळ्या असल्या तरी तत्त्व एकच आहे. सत्राला जे लागणार ते त्याच्या जन्मावेळी, उघडपणे, त्याला घडवणाऱ्याने द्यावे. त्याने ते इकडूनतिकडून शोधत फिरू नये.

मागच्याचे उत्तर पुढच्याला

ही काळजी पुस्तकी नाही. २० मार्च २०२३ रोजी चॅटजीपीटी ही सेवा काही तास बंद ठेवावी लागली. काही जणांना आपल्या पडद्यावर दुसऱ्याच कोणाच्या संभाषणांची शीर्षके दिसू लागली होती. कारण सापडले ते एका लायब्ररीत. चॅटजीपीटीचा सर्व्हर माहितीच्या एका साठ्याशी बोलण्यासाठी काही जोडण्या कायम उघड्या ठेवी आणि त्या आळीपाळीने सर्वांसाठी वापरी. एखादी मागणी पाठवल्यावर, पण तिचे उत्तर वाचण्याआधी रद्द झाली, तर ते उत्तर जोडणीत तसेच पडून राही. तीच जोडणी पुढच्या माणसासाठी वापरली, की त्याला आधीच्याचे उत्तर मिळे. पैसे भरून ही सेवा घेणाऱ्यांपैकी जे एका ठराविक नऊ तासांच्या काळात ती वापरत होते, त्यातल्या १.२ टक्के लोकांची पैसे भरण्यासंबंधीची काही माहिती इतरांना दिसली असण्याची शक्यता कंपनीने जाहीर केली.

म्हणजे झाले काय? नव्या कामाला कोरी पाटी मिळायला हवी होती, मिळाली मागच्याचे लिहिलेले तसेच असलेली. टॉमलिन्सन यांनी १९७५ साली तळमजल्यावर जी काळजी घ्यायला सांगितली, ती वरच्या मजल्यावर एका फटीतून निसटली.

पहिल्याच पत्रात मजकूर लिहिला तर?

चौकस विद्यार्थी विचारेल, की कोरे पत्र पाठवायचेच कशाला? पहिल्याच पत्रात मजकूर लिहावा, वेळ वाचेल. हा विचार तज्ज्ञांनीही केला आहे. टीसीपीमध्ये पहिल्याच पत्राबरोबर मजकूर पाठवण्याची एक प्रायोगिक रीत डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सुरक्षित जोडणीच्या 'टीएलएस'च्या ऑगस्ट २०१८ मधल्या आवृत्तीतही, ज्याच्याशी पूर्वी बोलणे झाले आहे त्याला पहिल्याच पत्रातून मजकूर पाठवता येतो. पण त्यात एक धोका आहे. वाटेत कोणी त्या पत्राची नक्कल करून ते पुन्हा पाठवले, तर ते जुने की नवे हे ओळखणे अवघड जाते. 'आजची शाळांची यादी दाखवा' अशी विनंती दोनदा आली तर बिघडत नाही. 'एकूण संख्येत १४२ मिळवा' ही विनंती दोनदा आली, तर २८४ मुले जेवल्याची नोंद होईल. म्हणून पुन्हा केले तरी फरक पडत नाही अशाच कामांसाठी ही सवलत वापरावी, असे सांगतात. कोऱ्या पत्राने थोडा वेळ जातो खरा, पण समोरचा आत्ताच बोलतो आहे याची खात्री त्यातूनच होते.

वर्गात करून पाहा

हे सारे समजायला संगणक लागत नाही. आठवी-नववीच्या वर्गात चार मुलांना 'शाळा' करा आणि चार मुलांना 'सत्र'. प्रत्येक शाळेला एक तीन अंकी संख्या द्या. प्रत्येक अंक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून एकेक चिठ्ठी पाठवायची आणि शेवटी 'पूर्ण' अशी चिठ्ठी द्यायची. चारही शाळांनी एकाच वेळी, पण आपापल्या वेगाने चिठ्ठ्या पाठवाव्यात.

पहिल्या फेरीत चारही सत्रांनी आलेले अंक एकाच पाटीवर लिहावेत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक सत्राला स्वतंत्र पाटी द्यावी, पण शाळांची यादी मात्र मधेच, चिठ्ठ्या सुरू झाल्यावर द्यावी. तिसऱ्या फेरीत एका मुलीला 'फॅक्टरी' करावे. शाळा हात वर करील तेव्हा तिने एका सत्राला यादी दाखवावी, कोरी पाटी द्यावी आणि मगच त्याला शाळेसमोर बसवावे. शेवटी सर्वांनी एकाच वहीत संख्या नोंदवाव्यात.

तिन्ही फेऱ्यांतले निकाल फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. मग मुलांना विचारा : यातले काय सर्वांचे होते, काय ज्याचे त्याचे होते, आणि कशासाठी वाट पाहावी लागली? या तीन प्रश्नांची उत्तरे मुले गोंधळ न करता देऊ लागली, की पुढे ती कोणत्याही भाषेत आज्ञावली लिहोत, पाटी कोणाची आणि वही कोणाची हे आधी ठरवतील.